गाणं आपलं, नाव कोणाचं?

नशिराबादहून आम्ही बोलतोय. कपाशीची फवारणी, गटाचं कर्ज, अंगणवाडीचा आहार असे विषय आपण नेहमी घेतो. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे. आखाजीला झोक्यावर म्हणतो ते गाणं, कानबाईला रात्रभर चालतं ते गाणं, लग्नात हळद लावताना म्हणतो ते गाणं. आणि याच गाण्यावर ज्यांचं पोट चालतं, त्या माणसांबद्दल.

तुम्ही म्हणाल, गाण्याचा धंदा मुंबईत, आपल्याला त्याचं काय? पण आपल्या गल्लीत जरा नजर टाका. कोणाचा दीर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. कोणाचा मुलगा बँजो पार्टीत आहे. कोणाच्या भाच्यानं कर्ज काढून डीजेची गाडी केली आहे. कोणाची मुलगी भजनी मंडळात चांगली गाते आणि तिला अहिराणी गाण्यासाठी बोलावणं येतं. वहीगायनाचे फड आहेत, जागरण-गोंधळ करणारे आहेत, कीर्तनात मृदंग वाजवणारे आहेत. ही सगळी संगीत व्यवसायातलीच माणसं. फरक एवढाच की त्यांच्याकडे करारनामा नसतो, पगारपत्रक नसतं आणि म्हातारपणी हाताशी काही नसतं.

गेल्या काही वर्षांत हा धंदा आपल्या दारापर्यंत आला. आपल्या भागातली लेवा गणबोली काय, धुळे-अमळनेरकडची अहिराणी काय, या बोलींना पूर्वी शहरात हसायचे. आता ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि खानदेशाबाहेरची मुलंही त्यावर नाचली. मोबाइल, एक कॅमेरा आणि भाड्याचा स्टुडिओ एवढ्यावर गाणं निघतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जिथं पैसा येतो तिथं हिशेबाचा प्रश्नही येतो. गाणं कोणी रचलं, कोणी गायलं, पैसा कोणाला मिळाला आणि नाव कोणाचं लागलं, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

बहिणाबाईंची वही

नावाचा विषय निघाला की आपल्याला लांब जावं लागत नाही. आसोदा आपल्या शेजारचं गाव. बहिणाबाई चौधरी तिथं १८८० साली जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावला चौधरी वाड्यात आल्या. अक्षर येत नव्हतं. जात्यावर, वावरात, चुलीपुढं त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातला आणखी एक भाऊबंद, यांनी ऐकता ऐकता काही उतरवून घेतलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज आपल्या जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

जरा विचार करा. सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी ती गाणी आपल्या नावावर छापली असती तर कोणाला कळलं असतं? पण त्यांनी आईचं नाव लावलं. लिहून घेणाऱ्याची जबाबदारी काय असते, त्याचं यापेक्षा जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही. आणि ज्या बायांच्या घरात लिहून घेणारं कोणी नव्हतं, त्यांचं काय झालं? त्यांच्या ओव्या आपण अजून म्हणतो, पण रचणारीचं नाव कोणाला ठाऊक नाही.

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर रचणाऱ्याचा हक्क त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रचणारा गेल्यावर पहिल्यांदा छापलं गेलं, तर छापल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९५२ च्या त्या पुस्तकातल्या कवितांची मुदत २०१२ अखेर संपली. आता त्या कविता कोणीही नव्या चालीत गाऊ शकतं. पण दुसऱ्या कोणी लावलेली चाल किंवा कंपनीनं केलेलं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात, ते उचलता येत नाहीत. आणि मुदत संपली म्हणजे नाव पुसायची मुभा मिळाली असं नाही. बहिणाबाईंचं गाणं गायचं तर बहिणाबाईंचं नाव घ्यायचं, ही साधी माणुसकी आहे.

थाळनेरच्या नातीचं भांडण

दुसरी गोष्ट धुळे जिल्ह्याची. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचं ते आजोळ. त्यांची आई, माई मंगेशकर, थाळनेरच्या लाड घराण्यातली. लताबाई लहानपणी आजीकडून गाणी शिकल्या, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या गळ्यात आपल्या भागातल्या एका आजीचाही वाटा आहे.

लताबाईंचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं हक्कासाठीचं भांडण मात्र फार थोड्यांना माहीत आहे. १९४९ साली ‘महल’ नावाचा चित्रपट आला. त्यातलं त्यांचं गाणं देशभर गाजलं, पण तबकडीवर गाणारीचं नाव म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गायली लता, नाव पडद्यावरच्या बाईचं. त्या काळी तशीच रीत होती. पुढं फिल्मफेअरचे पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पार्श्वगायनाला वेगळा पुरस्कारच नव्हता. गाणाऱ्यांना पुरस्कार नाही तर त्या सोहळ्यात आपण गाणार नाही, अशी भूमिका लताबाईंनी घेतली. १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला.

मग आला पैशाचा प्रश्न. गाणाऱ्याला एकदाच ठरलेली रक्कम मिळायची. तबकड्या वर्षानुवर्षं विकल्या जायच्या, त्यातला वाटा निर्मात्याला जायचा, मोठ्या संगीतकाराला जायचा, गाणाऱ्याला नाही. या वाट्याला रॉयल्टी म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, झाड लावणाऱ्याला दर मोसमाच्या फळातला वाटा. १९६० नंतरच्या काळात लताबाईंनी गाणाऱ्यांसाठी रॉयल्टी मागितली. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं. ठरलेले पैसे मिळाले की गाणाऱ्याचा व्यवहार संपला, असं ते मानत. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं. रफीसाहेब फार भले माणूस होते, त्यांच्या मनात लोभ नव्हता, म्हणून ते तसं बोलले. पण आज मागं वळून पाहिलं तर लहान कलाकाराच्या दृष्टीनं लताबाईंचा मुद्दा खरा होता. मोठ्या गायकाला रोज नवं काम मिळतं. ज्याच्या आयुष्यात एकच गाणं गाजतं, त्याला मात्र त्या एकाच गाण्याचा आधार असतो.

कायद्यानं काय दिलं

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली मोठा बदल झाला. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. या कायद्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली. गाणं रचणारा आणि चाल लावणारा यांनी कंपनीला हक्क लिहून दिले, तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा सुटत नाही. ‘मला रॉयल्टी नको’ असं करारात लिहून घेतलं तरी कायद्यानं ते चालत नाही. हा वाटा फक्त वारसांना किंवा हक्क गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो.

दुसरी. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही कलाकार म्हणून हक्क आहे. त्याच्या सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाला तर त्याला रॉयल्टी मागता येते. हा हक्क ५० वर्षं राहतो. आपलं नाव लावलं जावं आणि आपलं गाणं बिघडवून आपली बदनामी होऊ नये, हेही त्याला मागता येतं.

तिसरी. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. तोंडी बोलण्यानं हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरतात. कोणत्या मुलखासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता धरतात.

चौथी. गाणं रचल्याबरोबर आणि कागदावर किंवा आवाजात उतरल्याबरोबर हक्क जन्माला येतो. नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर नोंदणीचा पुरावा उपयोगी पडतो. गीताच्या किंवा चालीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे. तेही जमत नसेल तर निदान वहीत तारीख टाकून गाणं लिहा आणि स्वतःच्या मोबाइलवर गाऊन ठेवा.

रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था आहेत. गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था. गायकांसाठीची संस्था इसरा या नावानं २०१३ साली नोंदली गेली. इथं एक गोष्ट खास बायांसाठी सांगतो. गाणी रचणारा नवरा किंवा बाप गेला, तरी त्याचा हक्क ६० वर्षं घरात राहतो. शेताच्या सातबाऱ्यावर वारस लावतो, तशी या हक्काचीही वारस म्हणून चौकशी करावी. घरातल्या जुन्या वह्या, कॅसेटची वेष्टनं, पावत्या, पत्रं रद्दीत घालू नका. तो पुरावा आहे.

सही करण्याआधी

आता आपल्या गावातला प्रसंग धरू. एका चॅनलवाल्यानं मुलीला बोलावलं. दोन तासांत गाणं झालं, हातात हजार-दोन हजार रुपये ठेवले, एका कागदावर सही घेतली. गाणं चाललं नाही तर प्रश्न नाही. पण चाललं तर? यूट्यूबवर चॅनलला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला निदान १,००० सभासद आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा छोट्या चित्रफिती ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. त्यानंतर मोठ्या चित्रफितींवरच्या जाहिरातीतून कंपनी ५५ टक्के रक्कम चॅनलच्या मालकाला देते. लक्षात घ्या, चॅनलच्या मालकाला. गाणारीला किती द्यायचं हे यूट्यूब ठरवत नाही. ते त्या कागदावर ठरतं.

म्हणून सही करण्याआधी सहा प्रश्न विचारायचे. हे गाणं कुठं कुठं वापरणार, फक्त यूट्यूबवर की सिनेमात, जाहिरातीत, मोबाइलच्या धूनमध्येही? किती वर्षांसाठी? माझं नाव कुठं आणि कसं लागणार? आज किती पैसे, आणि पुढं पैसे आले तर किती वाटा? माझ्या आवाजावरून यंत्रानं दुसरं गाणं बनवणार का? आणि कराराची एक प्रत मला कधी देणार? कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. एक रात्र घरी आणा, शिकलेल्या कोणाला वाचायला द्या. घाई करणारा माणूस खरा असेल तर तो एक दिवस थांबेल.

उलट प्रकारही होतो. ‘सिनेमात गायची संधी देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन येतो. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं ध्यानात ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता जास्त.

लोकगीताचं थोडं वेगळं आहे. कानबाईचं, आखाजीचं परंपरेनं आलेलं गाणं कोणा एकाच्या मालकीचं नाही, ते कोणीही गावं. पण एखाद्या कंपनीनं तेच गाणं वाद्यांसह मुद्रित केलं, तर त्या मुद्रणावर तिचा हक्क असतो. मग यूट्यूबचं यंत्र कधी कधी आपल्याच गळ्यातल्या गाण्यावरही ‘हे दुसऱ्याचं आहे’ असा शिक्का मारतं. अशा वेळी घाबरून गाणं काढून टाकू नका. हे पारंपरिक आहे आणि आवाज आमचा आहे, असं तिथंच लिहून हरकत घेता येते.

बाई गाते तेव्हा

गाणाऱ्या मुलीपुढच्या अडचणी गाणाऱ्या मुलापेक्षा जास्त असतात. कार्यक्रम रात्रीचा, गाव परकं, गाडीत सगळे पुरुष. गाणं आवडलं की लोक टाळ्या देतात आणि त्याच गावात तिच्याबद्दल वाईटही बोलतात. घरातले म्हणतात, नकोच ते गाणं. म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याची शिक्षा मुलीला.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेरीत बसणाऱ्या बायांसाठी नाही. स्टुडिओ, कार्यक्रमाचं मैदान, मालकानं पाठवलेली गाडी, हे सगळं कामाचं ठिकाण धरलं जातं. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला असतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायला मदत करायची असते. तातडीची गरज असेल तर ११२, आणि महिलांसाठी १८१.

मुलगी चौदा वर्षांच्या आतली असेल तर आणखी नियम आहेत. लहान कलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. शाळा बुडता कामा नये. आणि तिच्या कमाईतला निदान २० टक्के भाग तिच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकायचा असतो. पोरीच्या गळ्यावर घर चालवायचं नाही, हे आईबापांनाही लागू आहे.

बँडवाल्याचं वर्ष

वाजवणाऱ्यांचं वर्ष शेतासारखंच असतं. तुळशीचं लग्न लागलं की मोसम सुरू, आषाढ लागला की बंद. मध्ये गणपती आणि नवरात्राचे थोडे दिवस. बाकीचे महिने मजुरी. पावसाळ्यात घर चालवायला मालकाकडून उचल घ्यायची आणि मोसमात वाजवून फेडायची. २०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईत. उचल डोक्यावर राहिली, वाजवणं गेलं. त्या वर्षी कित्येकांच्या घरात बायांच्या मजुरीवर चूल पेटली.

अशा घरांतल्या बायांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, उचलीची वही घरात ठेवा. किती घेतली, किती फिटली, तारखेसह. दोन, असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नाव नोंदवा. वय १६ ते ५९ असेल तर नोंद होते. तीन, अपघात विमा. हे लोक रात्री-अपरात्री टेम्पोत वाद्यांवर बसून प्रवास करतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. त्यासाठी बँकेत खातं लागतं. गटाच्या बैठकीत सगळ्या बँडवाल्यांच्या घरांची यादी करून एका दिवसात हे काम होण्यासारखं आहे.

म्हातारपणाचं काय? विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण सगळ्या महाराष्ट्रापुढं आहे. तमाशातली एवढी मोठी कलावंत, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली, पण शेवटच्या दिवसांत पैशाची चणचण भोगून २००२ साली गेली. पुढं त्यांच्या नावानं राज्याचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार चांगला, पण भाकरी वेळेवर हवी. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. २०२४ पासून तिच्यात महिना ५,००० रुपये मिळतात. वयाची अट ५० वर्षांची, शिवाय उत्पन्नाची मर्यादा आहे आणि बरीच वर्षं कला केल्याचा पुरावा लागतो. अडतं ते पुराव्यावर. म्हणून आजच कार्यक्रमाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, फोटो, मंडळांची पत्रं एका पिशवीत जमवायला लागा. भजन, वही, गोंधळ, भारूड करणाऱ्या बायाही कलावंतच आहेत. त्यांनी ‘आम्ही कुठल्या कलावंत’ असं म्हणून मागं राहू नये. चौकशी पंचायत समितीत करा.

कलाकारांकडून आमचं मागणं

इथपर्यंत कलाकारांच्या हक्काचं बोललो. आता त्यांच्या जबाबदारीचं. मुलगा आपला असला तरी चार गोष्टी त्याला सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आवाजाची. नियम साधे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत सणाला बारापर्यंत सवलत देऊ शकतं, बाकी नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. डॉक्टर सांगतात की ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये. आवाज १०० डेसिबलला गेला की पंधरा मिनिटांतच धोका सुरू होतो. डीजेच्या भिंतीपुढं आवाज त्याच्याही पुढं जातो. मिरवणुकीत आपण तासभर असतो, वाजवणारा पोरगा मात्र सगळा मोसम तिथंच असतो. सगळ्यात आधी त्याचाच कान जातो. त्याला कानात घालायचे बोळे घेऊन द्या. बाळंतीण, तान्हं बाळ, हृदयविकाराचा माणूस ज्या घरात आहे, त्या घरापुढून जाताना आवाज उतरवायचा, हे सांगायला पोलिसाची वाट का पाहावी?

लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक विधीत गाणी वाजवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही, ही सवलत कायद्यात आहे. त्या नावाखाली कोणी वरातीत परवान्याचे पैसे मागितले तर द्यायची गरज नाही. पण ती सवलत गाण्याच्या हक्कापुरती. आवाजाला ती लागू नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. बोलीतलं गाणं मोकळं असतं, थट्टा असते, आपल्या हळदीच्या गाण्यांतही विहिणीची काय कमी थट्टा असते का? पण थट्टा आणि टवाळी यांत फरक आहे. पोरीच्या मागं लागणं, तिला वस्तू म्हणून दाखवणं, तिचा नकार म्हणजे होकार असं सांगणं, हे गाण्यातून सारखं कानावर पडलं की शाळेच्या वाटेवर पोरं तेच म्हणतात. गाणं लिहिणाऱ्यानं एकदा मनात आणावं, हे माझ्या बहिणीला उद्देशून कोणी म्हटलं तर मला चालेल का? आपल्या बोलीला आता कुठं मान मिळतोय. तो टिकवायचा की घालवायचा, हे लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट नावाची. गावातल्या आजीकडून चार ओव्या घेतल्या, त्यावर चाल बांधली, गाणं गाजलं. आजीचं नाव कुठंच नाही. लोकगीत कोणाच्या मालकीचं नाही म्हणून कायदा कदाचित काही बोलणार नाही. पण गाण्याखाली ‘ओव्या सांगणारी अमुक आजी, गाव नशिराबाद’ एवढं लिहायला पैसा लागत नाही. आणि गाणं कमावू लागलं तर तिला एक लुगडं आणि चार पैसे द्यायला काय हरकत आहे? सोपानदेवांनी आईचं नाव लावलं, तोच दाखला.

चौथी गोष्ट नव्या यंत्राची. आता कोणाचाही आवाज थोडा वेळ ऐकून संगणक त्याच आवाजात भलतंच गाणं म्हणतो. गायक अरिजीत सिंग यांनी २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयानं त्यांचा आवाज असा वापरण्यास मनाई केली. २०२५ साली आशा भोसले यांच्या आवाजाबाबतही त्याच न्यायालयानं संरक्षण दिलं. मोठ्यांना न्यायालयात जाता आलं. आपल्या गावातल्या मुलीला ते सोपं नाही. म्हणून तिच्या करारात ही ओळ आधीच घालायची, आणि आपल्या पोरांनीही गंमत म्हणून कोणाचा आवाज चोरायचा नाही.

गटानं काय करायचं

मैत्रिणींनो, ऐकून सोडून द्यायचं नसेल तर पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. गावात गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, रचणाऱ्या माणसांची यादी करा, बायांची नावं आधी. त्यातल्या साठीपुढच्यांची मानधनाची कागदपत्रं आधी पाहा. गटाची एक गाण्याची वही घाला. ज्या आजीकडून गाणं घेतलं तिचं नाव, गाव, तारीख वर लिहा, तिला विचारूनच मोबाइलवर मुद्रण करा आणि ते कोणाला द्यायचं हेही तिलाच विचारा. गावात कोणी गाणी गोळा करायला आलं तर हीच अट त्यांनाही घाला. लग्नाच्या घरी डीजे ठरवताना पुरुषांबरोबर एक बाई बसू द्या, आणि किती वाजता बंद, आवाज किती, हे इसार देतानाच ठरवून घ्या. डीजेऐवजी गावच्या बँडला सुपारी दिली तर आवाजही कमी आणि पैसाही दहा-पंधरा घरांत वाटला जातो.

आणि ज्या घरात मुलगी गाते, तिथल्या आईला एक विनंती. तिला थांबवू नका. पहिल्या कार्यक्रमाला तिच्याबरोबर जा, कागद नीट वाचून घ्या, पैसे तिच्या खात्यावर जमा होतील हे पाहा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांना मुलाच्या हाताची गरज लागली. आपल्या मुलींना लिहिता येतं. त्यांनी आपलं नाव स्वतःच लिहावं.

पुढच्या भागात आपण गटाच्या व्याजाचा हिशेब कसा तपासायचा ते बघू.